सातव्या फेरीनंतर

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे सादर केलेल्या अर्जानुसार: उमेदवार पुरुष, वय एकसष्ट, विवाहित, अपत्य एक, तेही परगावी. व्यवसाय: क्रीडांगणाची देखभाल. निवास: क्रीडांगणाच्या प्रेक्षक-पायऱ्यांखालील खोली. स्थावर मालमत्ता: निरंक. जंगम: सायकल एक, शिट्टी एक. गुन्हे: निरंक. यापूर्वी भाग घेतलेल्या स्पर्धा: त्रेचाळीस. पूर्ण केलेल्या: निरंक.

शेवटचे दोन रकाने मूळ अर्जात नव्हते. ते उमेदवाराच्या बायकोने अर्ज वाचून झाल्यावर तोंडी भरले.

त्याला सगळे घड्याळ म्हणत. तरुणपणी तो पाच हजार मीटरच्या शर्यतींत वेग लावून द्यायचा. काम सोपं होतं. सगळ्यांच्या पुढे पळायचं, प्रत्येक फेरी बरोब्बर सहासष्ट सेकंदांत काढायची, मागून येणाऱ्या चॅम्पियनसाठी समोरचा वारा स्वतःच्या छातीवर घ्यायचा, आणि सातव्या फेरीअखेर प्रशिक्षकांनी कडेला टॉवेल वर केला की निमूट बाजूला व्हायचं. उरलेल्या साडेपाच फेऱ्यांत टाळ्या वगैरे असत. तोवर तो गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत असे. मनगटावर त्याने कधी घड्याळ बांधलं नाही. सेकंद आतच कुठेतरी, बरगड्यांच्या मागे पडत.

एकदाच काहीतरी बिनसलं, आणि तेही सर्वांत मोठ्या शर्यतीत. सातव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर त्याने कधी नव्हे ते मागे पाहिलं. चॅम्पियन चाळीस मीटर मागे होता. आपण दमलेलो नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि दुर्दैवाने त्याच्या पायांच्याही आलं. इतक्यात टॉवेल वर गेला. तो बाजूला झाला. चॅम्पियन जिंकला, जरा सावकाश जिंकला, पण पदकावर वेळ कोरत नाहीत.

त्या दिवसापासून त्याच्या मागे पावलं वाजत. खिळ्यांच्या बुटांची, एका लयीत, वळणावर जराशी घासत. तेहेतीस वर्षं. दाढी करताना, पिठाचा डबा खाली काढताना, मुलीला निरोप देऊन स्टेशनबाहेर पडताना. पावलं जवळ येत, मानेवर श्वास जाणवावा इतकी जवळ. पण ती पुढे जात नसत, आणि थांबतही नसत. बायकोला त्याने एकदाच सांगितलं. तिने वाकून त्याच्या पाठीमागे पाहिलं आणि म्हणाली, "मला तर कोणी दिसत नाही. असलंच तर विचारा, जेवायला थांबणार का."

चॅम्पियन निवृत्त झाला. आधी गुडघे गेले, मग दुकानांच्या फिती कापण्याची आमंत्रणं गेली. मग त्याने लोकांची सेवा करायचं ठरवलं. एका सकाळी तो पायऱ्यांखालच्या खोलीत वाकून शिरला.

"घड्याळ्या, तुझा एक अर्ज भरायचाय."

"माझा कशाला?"

"डमी रे. माझा अर्ज काही खोट निघून बाद झालाच, तर तुझा हाताशी असावा. माझा पास झाला की बुधवारी तीनच्या आत मागे घ्यायचा."

"म्हणजे पुढे राहायचं आणि मग बाजूला व्हायचं."

"आता हे तुला शिकवायचं होय!"

"टॉवेल कोण दाखवणार?"

चॅम्पियन पोट धरून हसला. घड्याळाने गंमत केलेली नव्हती.

आठवड्याभरात शहरभर फलक लागले. त्याच जुन्या शर्यतीचा फोटो, छाती पुढे काढलेला चॅम्पियन. डाव्या कडेला कापताना राहून गेलेला कोणाचा तरी खांदा.

"हा तुमचा ना हो?" बायकोने बाजारातून येताना विचारलं.

"असेल."

"असेल काय? तेहेतीस वर्षं मीच तेल लावतेय त्याला."

चॅम्पियनचा अर्ज पास झाला. बुधवारी माघारीचं पत्र सही करून, घडी घालून, घड्याळ कचेरीत पोचला. भिंतीवर दोन चाळीस झाले होते. खिडकीतला कारकून म्हणाला, "द्या काका, मोकळा आहे मी."

"अजून वीस मिनिटं आहेत."

"आत्ता दिलंत तरी चालतं."

"अठरा मिनिटांनी देतो."

कारकुनाने बरीच वर्षं सरकारी नोकरी केली होती. त्याने पुढची फाइल ओढली. ठरल्या जागेच्या आधी बाजूला होणं हा घड्याळाच्या धंद्यात उशिरा होण्याइतकाच मोठा गुन्हा होता. तो भिंतीकडे पाठ करून बाकावर बसला आणि मोजू लागला.

पावलं कॉरिडॉरच्या टोकाशी सुरू झाली. फरशीवर खिळे स्पष्ट वाजत होते. समोरचा शिपाई चहा ढवळत होता. त्याने मान वर केली नाही. तीनशे. सहाशे. पावलं बाकाच्या मागे आली. मागे वळून पाहायची चूक घड्याळाने आयुष्यात एकदाच केली होती. नऊशे. एक हजार ऐंशीला तो उठला.

खिडकी अर्धी खाली आली होती.

"तीन वाजून चार मिनिटं झाली, काका."

त्याने भिंत पाहिली, कारकुनाचं मनगट पाहिलं, शिपायाचा मोबाइल पाहिला. तिघांचं एकमत होतं. एकसष्टाव्या वर्षी त्याचा सेकंद लांबला होता, आणि हे त्याला कोणी कळवलं नव्हतं.

चॅम्पियनचा फोन लगेच आला. "सगळ्या जन्मात एकदा चुकलास, तो आज?"

"टॉवेल दिसला नाही."

पलीकडून शिवी आली आणि फोन बंद झाला.

रात्री जेवताना बायकोने त्याच्याकडे न बघता विचारलं, "खरंच मोजण्यात चुकलात?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "माहीत नाही. मोजता मोजता पळत होतो."

"किती फेऱ्या?"

"सातच्या पुढे."

तिने त्याला आणखी भात वाढला.

घड्याळाला चिन्ह मिळालं बादली. त्याने प्रचार केला नाही. रोजच्यासारखी धावपट्टीवर चुन्याच्या रेघा ओढत राहिला. मागे पावलं होतीच. चॅम्पियन आरामात निवडून आला.

निकालाचा कागद कचेरीच्या दारावर चिकटवला होता. दोघं वाचायला गेली. घड्याळाला चौदा मतं होती.

"दोन घरातली," बायको म्हणाली. "उरलेली बारा कोण हो?"

तो मान किंचित कलती करून काहीतरी ऐकत उभा होता.

उमेदवार नऊ होते. तो नववा आला. त्याच्या मागे कोणीही नव्हतं.