दक्षिणेला सरक

आमच्या घरात डावं-उजवं नव्हतं. बाबा भूगोलाचे शिक्षक, त्यातून विदर्भातल्या खेड्यात शेतावर वाढलेले. जेवायला बसलं की म्हणायचे, "ताट जरा दक्षिणेला सरकव, पातेलं ठेवू दे." शनिवार पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत दक्षिणेला सरकायला जागा होती कुठे? खाली राहणाऱ्या मालकीणबाईंनी एकदा हे ऐकलं आणि आईला विचारलं, "अहो, संसार करताय की जहाज हाकताय?"

"जहाज असतं तर एव्हाना कुठेतरी पोचलो असतो," आई म्हणाली.

नकाशा भिंतीवर टांगायला बाबांचा सक्त विरोध होता. तसा टांगला तर मुलांना उत्तर म्हणजे 'वर' वाटतं, आणि एकदा वाटलं की जन्मभर जात नाही, असं ते म्हणत. मला ते वाटलंच होतं. मुठा खडकवासल्याहून निघते आणि ईशान्येला जाते, हे वाचून मी हटून बसले, की नदी वर कशी चढेल? बाबांनी जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर अंथरला, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावली आणि मला मध्यभागी बसवलं. "आता सांग, वर कुठे आहे?" मी छताकडे बघितलं. ते खूश झाले. "पाणी दिशा बघत नाही बेटा, उतार बघतं. माणसंही तशीच. जिकडे पोट भरतं तिकडे जातात."

"मग माझाच उतार चुकला," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "गाव सोडून पुण्यात आले ती पाण्याच्या बादल्या घेऊन दोन जिने चढायला." स्थलांतराचा धडा आमच्याकडे तिथेच संपला.

स्थान आणि ठिकाण या दोन शब्दांवर बाबा अख्खा तास घेत. स्थान अक्षांश-रेखांशांत सांगता येतं, ठिकाण सांगायला तिथे राहावं लागतं, असं ते वर्गाला सांगत. परीक्षेत त्यावर कधीच प्रश्न येत नसे, तरी ते शिकवत.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. बाबांना ते जिने एकट्याने झेपेनात, म्हणून मी त्यांना वारज्याला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. चहूबाजूंनी इमारती, आणि गाडीने उड्डाणपुलावरून इतके फेरे घेतलेले, की त्यांना दिशाच लागेना. "स्थान कळलं," ते म्हणाले, "ठिकाण नाही झालं अजून." आतल्या खोलीत पडून राहायचे, अर्धी पोळी खायचे. पिशव्यासुद्धा उघडल्या नव्हत्या. मला भीती वाटायची, की हा माणूस असाच विझून जाईल.

मग एका संध्याकाळी ते गॅलरीत गेले आणि तिथूनच हाक मारली. "मावळती सापडली गं." समोर दोन इमारतींच्या मधे लालभडक सूर्य दिसत होता. त्यांनी खुर्ची मागवली. "म्हणजे शनिवार पेठ पाठीमागे. बरं झालं. तिकडे बघवत नाही मला."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते तिथे बसू लागले. जेवण सुधारलं. शेजारच्यांना त्यांच्या मुलांच्या अभ्यासाबद्दल खोचक प्रश्न विचारू लागले. माझा जीव भांड्यात पडला.

आणि एकदा चहा गाळताना माझ्या हातावर ऊन पडलं. स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. खिडकीतून पाहिलं, तर सूर्य इकडे मावळत होता. गॅलरीसमोर दिसत होतं ते नवीन ऑफिसच्या इमारतीच्या काचेतलं त्याचं प्रतिबिंब. सकाळी ती इमारत सूर्याला आड येते, आणि बाबा सकाळी बाहेर येतच नसत. जिकडे बघवत नाही, नेमके तिकडेच तोंड करून ते इतके दिवस बसले होते.

सांगावं की नाही? भूगोलाच्या मास्तरांना तुमची पश्चिम चुकली असं कोणी सांगायचं? पुन्हा आतल्या खोलीत जाऊन पडले तर? दोन दिवस मी गप्प राहिले. पण चुकीच्या दिशेत त्यांना ठेवणं मला सोसेना. त्यांनी मला कधी ठेवलं नव्हतं. मी तो जुना नकाशा काढला आणि खऱ्या उत्तरेला लावून हॉलमध्ये अंथरला.

बाबांनी वाकून बघितलं. "उत्तर चुकली तुझी."

"नाही चुकली, बाबा. स्वयंपाकघरात येऊन बघा."

ते आले. ओट्यावरच्या उन्हात त्यांनी हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग गॅलरीत गेले. मी घाईने मागोमाग जाऊन खुर्ची फिरवायला लागले.

"राहू दे तशीच," ते म्हणाले आणि बसले. काचेतला सूर्य विझत आला होता. मी कठड्याला टेकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते. त्यांनी मान थोडी वाकडी करून माझ्या पलीकडे, शनिवार पेठेच्या दिशेला बघितलं.

"जरा दक्षिणेला सरक," ते म्हणाले. "मधे येतेस."