फ्लॉपीवरचं कुंकू

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी नागपुरात कम्प्युटर दुरुस्त करत फिरायचो. शहरात मशीन इतकी थोडी, की लोक चपला बाहेर काढून त्या खोलीत यायचे. मशीन बिघडलं की मात्र माझ्यावर डाफरायचे. मीही काही गोडबोल्या नव्हतो.

दसऱ्याची सुटी संपली त्याच सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयातून बोलावणं आलं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमधल्या रोगाच्या नोंदी तिथे ठेवत. कोणाच्या बागेतलं कोणतं झाड कधीपासून वाळतंय, असलं सगळं. मशीनमधली डिस्क गेली होती. नवी मी बसवली, पण फ्लॉपींवर उतरवून ठेवलेल्या नोंदी परत आणणारा बॅकअपचा प्रोग्रॅम काही केल्या चढेना. त्याची नुकतीच आलेली नवी आवृत्ती अर्ध्यावर येऊन थिजायची.

शेजारी ऑपरेटर मुलगी उभी होती. विशीतली, तात्पुरत्या नेमणुकीवरची, घरातली टेबलखुर्चीवर बसणारी पहिलीच. दिवाळीला ती कायम व्हायची होती. वर्षभराच्या साऱ्या नोंदी तिनेच टाईप केलेल्या. मूळ कागद बडेबाबूंनी, म्हणजे तिथल्या हेडक्लार्कनी, आता मशीन आहे म्हणून उन्हाळ्यातच रद्दीत काढले होते.

"मी रोज बॅकअप घेतला जी भाऊ," ती म्हणाली. "एक दिवस नाही चुकवला."

मला ते ठाऊक होतं. मशीन मीच बसवलं होतं आणि तिला शिकवलंही मीच. फ्लॉपीवर पेपरवेट ठेवणारे साहेब मी पाहिले होते. हिची प्रत्येक फ्लॉपी कागदी पाकिटात आणि पाकिटं स्टीलच्या डब्यात.

दुपारी मी नवी आवृत्ती काढून टाकली. त्या मशीनला ती झेपतच नव्हती. जुनी मुकाट चढली. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. पहिली फ्लॉपी घातली. मशीन घरघरलं आणि वाचता येत नाही म्हणून सांगून मोकळं झालं. दुसरीचं तेच. तिसरी मी खिडकीशी उजेडात धरली. फ्लॉपीच्या काळ्या आवरणाला एक लांबट फट असते, तिच्यातूनच मशीन आतली चकती वाचतं. त्या फटीत लाल-पिवळा डाग वाळून बसला होता. कडेला तांदळाचा दाणा चिकटलेला.

सगळ्याच तशा होत्या.

खंडेनवमीला कार्यालयात पूजा झाली होती. टाईपरायटरला आणि कपाटाला दरवर्षी हळदकुंकू लागायचं. यंदा बडेबाबूंनी कौतुकाने फ्लॉपी बाहेर काढल्या, ओळीने मांडल्या आणि नेमकं त्या फटीवर बोट टेकवलं. पूजा झाल्यावर पुन्हा पाकिटात घालून डबा बंद. मुलगी त्या दिवशी रजेवर होती. दसऱ्याच्या सोहळ्यासाठी कुहीहून नातेवाईक आदल्या दिवशीच दीक्षाभूमीला आले होते. ती रजा घ्यायला तयार नव्हती, पण आईने हट्टच धरला. दोघी तिथे येणाऱ्यांना पाणी वाटत होत्या.

मी स्पिरिट आणि कापूस घेऊन बसलो. थोडं हाती लागलं, बरंचसं गेलं. कार्यालयाच्या साहेबांना मी जे घडलं ते सरळ सांगितलं.

"पूजा तं आम्ही सालोसाल करून राहिलो बाप्पा," बडेबाबू म्हणाले. "टाईपरायटरले काही होत नाही, अन् यालेच काहून होते?"

साहेबांनी जरा विचार केला. "पूजेचं कागदावर कसं लिहिणार? फ्लॉपी सांभाळायची जबाबदारी ऑपरेटरची."

फ्लॉपींचा डबा असतो त्या कपाटाची किल्ली बडेबाबूंकडे असते, हे मी आवाज चढवून सांगितलं. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो नाही, आणि त्याने कोणाचं काही अडलं नाही.

दिवाळीआधी तिची मुदत संपली. ती कोणी वाढवली नाही, एवढंच. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही इतक्या सभ्यपणे, की भांडायला समोर माणूस नव्हता. हुशार पोरगी होती, असं बडेबाबूसुद्धा म्हणाले. मला त्यांचा तेव्हा आला तेवढा राग आजही येतो.

तिच्या शेवटच्या दिवशी मी तिथे गेलो होतो. ती की-बोर्ड पुसत होती. वर न बघता तिने विचारलं, "भाऊ, मी त्या दिवशी सुटी नसती घेतली, तं वाचलं असतं न सारं?"

खरं उत्तर 'हो' होतं. ती असती तर तिने कोणाला डब्याला हात लावू दिला नसता.

"नाही," मी म्हणालो. "डिस्क तर जाणारच होती."

डिस्क गेली तरी फ्लॉपी असतात, हा मी तिला शिकवलेला पहिला धडा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनवर कापड ओढलं.

"आईले असंच सांगीन जी," ती म्हणाली.