पहिल्या टाळीचा मान

सभागृहातली तिसऱ्या रांगेतली डाव्या कडेची खुर्ची टाळीमास्तरांची. तशी पाटी कुणी लावलेली नाही, पण तिकडे कुणी बूड टेकवलं तर शेजारचा माणूस खाकरतो आणि बसणारा मुकाट्याने उठतो.

मास्तर म्हणतात म्हणून शाळेतले समजू नका. पस्तीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली. एका छताखाली दीडशे माग, आणि प्रत्येकाचा धोटा मिनिटाला शंभरदा इकडून तिकडे आपटणार. त्या खटखटाटात बोलणं ऐकू येतं असं म्हणणारा एक तर खोटारडा किंवा नवशिका. कारखान्यात माणसं ओठांनी बोलायची. दहा मागांपलीकडचा गडी नुसते ओठ हलवून विचारायचा, ‘डबा आणला का?’ आणि मास्तर इकडून ओठांनीच सांगायचे, ‘आणलाय, पण तुझ्यासाठी नाही.’ मुकादमाला शिव्याही तशाच. आवाज नाही, त्यामुळे पुरावा नाही.

असा माणूस कामावरून सुटला की कुठे जाईल? गुपचूप पडून राहील. पण मास्तर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सभागृहाकडे निघायचे. गाणं असो, वाद्य असो, हौशी मंडळींचं नाटक असो, की कुणाच्या मदतीसाठी ठेवलेला कार्यक्रम असो, आठवड्याला चार चार. बायको म्हणायची, “कानाला दिवसभर मार कमी पडतो म्हणून संध्याकाळी पैसे देऊन खायला जाता का?” ते म्हणायचे, “अगं, तो मार. हे मलम.”

आमचं गाव लाजरं. गाणं संपलं की नाही हे ठरवायला कुणी पुढे होत नसे. मध्येच टाळी पडली तर हसं होईल, म्हणून पाचशे माणसं मांडीवर हात ठेवून गप्प, आणि रंगमंचावरचा गवई घाम पुसत उभा. मास्तरांना मात्र बरोबर कळायचं. शेवटचा सूर हवेत विरून जाऊ द्यायचा, त्यानंतर एक श्वास घ्यायचा, आणि मग टाळी. ती पडली की सगळं सभागृह कोसळायचं. बाहेरगावचे कलाकार आले की पडदेवाला, म्हणजे सभागृहात पडदा ओढणारा आणि दिव्यांपासून खिळ्यांपर्यंत सगळं पाहणारा मास्तरांचा जुना दोस्त, त्यांना आधीच सांगून ठेवायचा, “तिसरी रांग, डावी कड. त्या माणसावर नजर ठेवा. तो गावाचा कान आहे.”

असा वीस वर्षं चाललेला मान. तो गेला त्या आठवड्याची ही गोष्ट.

सोमवारी व्हायोलिन होतं. बाहेरगावचा वादक, उंच, बगळ्यासारखी मान. एका गतीत त्याचा गज वर वर सरकत गेला, बोटं तारेवर पार खाली उतरली, आणि मास्तरांना काहीच ऐकू येईना. गज हलतोय, सूर नाही. त्यांना वाटलं, माणूस फारच नाजूक वाजवतो. मग गज तारेवरून सुटला, वादकाचे खांदे खाली आले, एक श्वास, टाळी. बरोबर पडली. घरी येऊन म्हणाले, “चांगला होता, पण जरा मुळमुळीत.”

बुधवारी टपालखात्यातल्या मंडळींनी बसवलेलं विनोदी नाटक. राजाने छातीपर्यंत दाढी लावलेली, प्रधानाने मिशा. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरत होते. मास्तरांना राणीचं सगळं कळलं, दासीचं सगळं कळलं, राजाचं अवाक्षर कळलं नाही. शेजारचा हसला की ते हसत होते. बाहेर पडताना पडदेवाल्याला म्हणाले, “राजाचं पात्र कच्चं. पुटपुटतो.”

पडदेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. “राजा? अहो, शेवटच्या रांगेतल्यांनी कान झाकले होते, एवढा ओरडत होता.”

मास्तरांच्या मनात कुसळ शिरलं.

शुक्रवारी शिंप्याच्या धाकट्या मुलीचं गाणं होतं. शिंप्याचं दुकान सभागृहाच्या मागच्याच गल्लीत. मुलगी शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी काजं करत करत गायची. रस्त्यावरून जाणारे थांबून ऐकायचे, पण रंगमंचावर तिची पहिलीच वेळ. शेवटी तिने गावात कुणी न ऐकलेलं एक नदीकाठचं गाणं घेतलं. एक बाई काठावर उभी राहून पलीकडच्या नावाड्याला हाका मारते. तीन कडवी हाकाच हाका. मग गाणारीने थांबायचं. थोडं जास्तच थांबायचं. आणि मग पलीकडून नावाड्याचं उत्तर येतं, ती एकच ओळ. गाण्याचा सगळा जीव त्या ओळीत. ती नसली तर बाई आपली काठावर उभीच.

मुलगी तिसरं कडवं गायली. ओठ मिटले. नजर खाली वळवली. खांदे सैल सोडले.

मास्तरांनी एक श्वास घेतला आणि टाळी वाजवली.

पाचशे माणसांचा त्या हातांवर विश्वास. सभागृह कोसळलं. मुलीने दचकून डोळे वर केले, तोंड थोडं उघडलं, पुन्हा मिटलं आणि तिने वाकून नमस्कार केला. वर येताना ती शेजारच्या पेटीवाल्याकडे वळली आणि काहीतरी बोलली. टाळ्यांच्या त्या गदारोळात पेटीवाल्यालाही ते ऐकू गेलं नसेल. पण तिसऱ्या रांगेत गदारोळातले ओठ वाचण्यात हयात घालवलेला माणूस बसला होता. ती म्हणाली, “एक ओळ राहिली.”

मास्तरांचे हात हवेतच राहिले.

बाहेर लोक खूश. “काय शेवट केला! बाईला तशीच काठावर सोडली!” कुणाला काही कळलं नव्हतं. मास्तरांनी तोंड उघडलं नसतं तर कधी कळणारही नव्हतं.

घरी जेवायला बसले. बायको पाठमोरी उभी राहून पाणी भरत होती. भरलेला तांब्या घेऊन ती समोर आली तेव्हा म्हणाली, “तीनदा विचारलं, वाढू का?”

“लक्ष नव्हतं.”

“लक्ष दोन वर्षांपासून नाही.” ती खाली बसली. “अहो, दोन वर्षं मी प्रत्येक वेळी तुमच्या तोंडासमोर येऊन बोलते. तुम्हाला काय वाटलं, प्रेमाने?”

मास्तरांनी घास तसाच खाली ठेवला. “मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? दारावरची घंटा वाजते आणि तुम्ही पेपर वाचत बसता. तुम्हालाच कळायला हवं होतं. आणि सांगून तुम्हाला घरात बसवू? तुम्ही चार दिवस घरात बसलात की माझा जीव नकोसा होतो.”

ती हसली नाही. तेही हसले नाहीत. मग ते म्हणाले, “आज मी एका पोरीचं गाणं तोडलं,” आणि सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि ताट उचलताना एवढंच म्हणाली, “मागाने कान घेतले हा तुमचा दोष नाही. आता गप्प बसलात तर मात्र तो तुमचाच.”

शनिवारी सकाळी पडदेवाला दारात हजर. रविवारी वृद्धाश्रमाचं गळकं छप्पर दुरुस्त करायला मदतीचा कार्यक्रम होता. शिंप्याची मुलगी तेच गाणं पुन्हा गाणार, म्हणून सगळी तिकिटं रातोरात खपली होती. “शिंप्याची पोरगी नाही म्हणते,” पडदेवाला म्हणाला. “घसा धरलाय म्हणे. मघाशी बापाशी भांडत होती, घसा ठणठणीत होता. तुमचा शब्द ती मोडणार नाही. जरा समजवा.”

मास्तर गेले. दुकानात शिंपी मशीनवर, आणि मुलगी कोपऱ्यात सदऱ्याला बटणं लावत बसलेली. शिंप्याने लगबगीने स्टूल पुढे केलं. “बसा, बसा. तुम्ही टाळी दिलीत, पोरीचं सोनं झालं.”

मुलीने सुई थांबवली नाही. मास्तर स्टुलावर बसले, पण मुलीचं तोंड दिसेल असे.

“उद्या गात नाहीस?”

“नाही.”

“का?”

तिने दोरा दातांनी तोडला. “तुम्ही टाळी वाजवलीत, म्हणजे पुरे झालं असंच ना? मला वाटलं, तुम्हाला ऐकवेना. लोकांसमोर अपमान नको म्हणून मध्येच सोडवलंत. रात्रभर मी विचार केला, कुठे घसरले? तिसऱ्या कडव्यात घसरले का?”

शिंप्याने मशीन थांबवली. “मध्येच म्हणजे?”

मास्तरांना यायच्या वाटेवर बरंच काही सुचलं होतं. गर्दी होती, दिवा डोळ्यावर होता, असलं काय काय. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

“तू कुठेच घसरली नाहीस,” ते म्हणाले. “मला ऐकूच आलं नाही. खालचं थोडंफार येतं, वरचं गेलंय. मी तुझे ओठ बघत होतो. ओठ मिटले, सूर अधांतरी राहिलाय ते कळलंच नाही, मला वाटलं संपलं.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. गणिताची बाई, उत्तर ताडून पाहिल्याशिवाय मानणार नाही. ती उठली, भिंतीकडे तोंड केलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “काल मला तुमचा इतका राग आला होता, की ते टाळीचे हात मोडावेत असं वाटलं.”

“अगं!” शिंपी अर्धा उठला.

ती वळली. “मी काय म्हटलं?”

“तुझी वेणी हलली,” मास्तर म्हणाले. “एवढंच.”

तिचा राग कुठे गेला कोण जाणे. ती पुन्हा बटणं घेऊन बसली. दोन बटणं लावून झाल्यावर मान वर करून, ओठ नीट दिसतील अशी म्हणाली, “उद्या गाते. पण तुम्ही टाळी वाजवायची नाही.”

“नाही वाजवणार.”

“नुसतं तेवढ्याने होत नाही. तुम्ही हात बांधून बसलात तर लोक म्हणतील, मास्तरांना आवडलं नाही, आणि कुणीच वाजवणार नाही. तुम्ही त्यांना सांगायला हवं.”

“सगळ्यांना?”

“टाळी सगळ्यांसमोर वाजवलीत ना?”

रविवारी सभागृह तुडुंब. पुढच्या दोन रांगांत वृद्धाश्रमातली माणसं, काठ्या खुर्च्यांना टेकवलेल्या. गाण्याआधी पडदेवाल्याने मास्तरांना बाजूच्या जिन्याने वर नेलं. वीस वर्षांत ते त्या फळ्यांवर कधी उभे राहिले नव्हते. समोरचा दिवा डोळ्यांत गेला. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी दिसली. ती इतकी लहान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिच्या शेजारी बायको बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा आली होती, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“माझे कान गेले,” मास्तर म्हणाले. आपला आवाज किती मोठा झाला हे त्यांना कळलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत माणसं चमकली. “कारखान्यात गेले. मलाच उशिरा कळलं. शुक्रवारी या पोरीची एक ओळ राहिली होती आणि मी टाळी वाजवली. तुम्ही माझ्यामागे वाजवलीत. चूक माझी. आजपासून माझ्याकडे बघू नका.”

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचे ओठ हलले. बोळकं तोंड, वाचायला कठीण, पण मास्तरांनी वाचलं. तो विचारत होता, “मग आम्ही कुणाकडे बघायचं?”

“कुणाकडे कशाला?” मास्तर म्हणाले. “देवाने दोन दोन कान दिलेत. चालू आहेत तोवर वापरा.”

थोडं हसू फुटलं असावं, खांदे हलताना दिसले. मास्तर खाली उतरले, खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

मुलगी गायली. हाकांचं पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. खालचे सूर त्यांच्यापर्यंत येत होते, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसे. वरचे येत नव्हते. मग ओठ मिटले. डोळे खाली गेले. मास्तरांच्या हातांना सवयीने ओढ लागली, ते त्यांनी आणखी दाबून धरले. सभागृहात एकही माणूस हलला नाही. ती थांबली. थोडं जास्तच थांबली. आणि मग ओठ उघडले आणि नावाड्याने पलीकडून उत्तर दिलं. मास्तरांना ती ओळ फक्त दिसली.

ओठ पुन्हा मिटले. आता काय? संपलं हे त्यांना ठाऊक होतं, पण लोकांना कळलं का? त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बायकोच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर तसेच. समोर म्हाताऱ्यांची डोकी तशीच. गाव लाजरं. मुलगी दिव्यात उभी, आणि पाचशे माणसं गप्प. मास्तरांना हात काढावेत असं एकदा वाटलं, पण शब्द दिला होता.

आणि मग तळपायांना लागलं. चपलेखालची फळी आधी बारीक थरथरली, मग सगळी जमीन. दीडशे माग एकदम चालू झाले की कारखान्याची फरशी अशीच पायातून गुडघ्यापर्यंत चढायची. तेव्हा त्यांना त्या थरथरीचा वैताग यायचा. आता त्यांनी चपला काढल्या आणि पाय जमिनीला टेकवून बसले.

पुढचा बोळका म्हातारा काठी फळीवर आपटत होता. बायको वाजवत होती, डोळे न पुसता. तिने कोपराने त्यांना ढोसलं, तोंड त्यांच्या समोर आणलं आणि ओठांनीच म्हणाली, कारखान्यातल्यासारखं, आवाज न करता, “वाजवा की आता.”

मास्तरांनी मांडीखालून हात काढले. पायाखालची थरथर हळूहळू थांबली. मग त्यांनी टाळी वाजवली. त्या संध्याकाळची ती शेवटची टाळी. तिच्या मागे कुणीच वाजवलं नाही.