छातीवर टाचलेलं नाव

पाटणकर बाई. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर हे एकच नाव. आणि ज्या दिवशी कुणीतरी खरंच विचारलं, त्या दिवशी—पण थांबा. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

तालुक्याच्या शाळेत बाई इतिहास शिकवायच्या. दहावीनंतर वडील मला सायकलच्या दुकानात बसवणार होते. बाई दुकानात आल्या आणि वडील ‘शिकू द्या’ म्हणेपर्यंत उठल्याच नाहीत. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा. इथलं, हॉलंडमधल्या आल्मेरेतलं आजचं घरही त्यातूनच आलं.

खिलाफत चळवळीच्या धड्याला बाई हमखास अडायच्या. पुस्तकात खलिफा आहे. त्याच्या बायका कुठे गेल्या? या एका प्रश्नामागे त्यांनी आयुष्य घातलं. पुण्याहून पुस्तकं मागवायची, एकटीनं वाचायची. तुर्कस्तानचे उस्मानी सुलतान म्हणजेच ते खलिफा; त्यांतल्या शेवटच्यांपैकी एकाची बेगम त्यांना सापडली. काकेशसच्या डोंगरातून लहानपणीच महालात आणलेली. तिथे मुलीचं नाव बदलायचे. नवं नाव कागदावर लिहून छातीवर टाचायचे—सगळ्यांना पाठ होईपर्यंत. जुनं नाव पुन्हा कुणी उच्चारायचं नाही.

कोरोनात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं. पुस्तक लिहायचं होतं, अक्षर दिसेना. मग दर रविवारी फोनवर त्या सांगायच्या आणि मी टाइप करायचो. “राणी नको लिहूस रे गाढवा, मुकुट कुठाय तिला?” एकदा म्हणाल्या, “माझंही नाव लग्नात बदललंच की. ताटातल्या तांदळात बोटानं लिहून. फरक इतकाच, माझे तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले.” केवढ्या हसल्या होत्या!

इथल्या आपल्या मराठी मंडळानं तेव्हा ऑनलाइन व्याख्यानं सुरू केली होती. मी नाव दिलं. विषय—ती बेगम. बाईंना विचारलं का? नाही. लिंक मात्र पाठवली. का पाठवली? त्यांना जोडता येणार नाही, असं मनात होतं म्हणूनच बहुधा.

तासभर बोललो. बाईंची वाक्यं, बाईंचे विनोद—तांदळाचासुद्धा, ‘आमच्याकडच्या एक बाई’ म्हणून. लोक खूश. अध्यक्ष म्हणाले, “वा! आयटीतला माणूस आणि हा अभ्यास! कुणी लावलं हो हे वेड?”

तेवढ्यात मला ती चौकट दिसली. खाली नाव—‘केतकीचा फोन’. केतकी म्हणजे बाईंची भाची. पण चेहरा बाईंचा होता, जाड भिंगांचा, कॅमेऱ्याला जवळजवळ टेकलेला. प्रश्न ऐकून त्या आणखी पुढे झुकल्या. सावरून बसल्या. आता आपलं नाव येणार, म्हणून.

मी म्हणालो, “कुणी नाही. इथल्या लायब्ररीत सहज हाती लागलं.”

लायब्ररी तर बंद होती तेव्हा! कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं पाठवली. बाईंचा चेहरा तसाच होता. मग चौकट काळी झाली.

मी घाबरलो होतो का? कशाला? नाव घेतलं असतं तर टाळ्या अर्ध्या झाल्या असत्या, एवढंच. तेवढ्या अर्ध्या टाळ्या मला हव्या होत्या.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मीही केला नाही. त्यानंतर कधीच नाही. पुस्तक माझ्या लॅपटॉपवर अर्धं पडून आहे. मी फक्त एक पत्र पाठवलं, खूप मोठ्या अक्षरात छापून—त्यांना स्वतःला वाचता यावं म्हणून, आणि केतकीला वाचायला द्यावं लागू नये म्हणूनही. ते असं:

‘आदरणीय बाई, शिरसाष्टांग नमस्कार. त्या दिवशी तुम्ही आलात, खूप आनंद झाला. मी तुमचं नाव आवर्जून घेतलं होतं, पण नेमका तेव्हाच आवाज तुटला, असं नंतर कळलं. इकडचं नेट सध्या असंच आहे. तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. डोळ्यांना जपा. तुमचा आज्ञाधारक विद्यार्थी.’