मास्तरांचे त्रेचाळीस कोट

मास्तरांना फौजेत जायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी ते भरतीच्या रांगेत उभे राहिले. धावले, दोराला लोंबकळले, दात दाखवले, आणि शेवटी छाती मोजायला एक कारकून आला. त्याने फीत आवळली आणि एक इंच कमी म्हणून जाहीर केलं. दुसरा कुणी असता तर निमूटपणे घरी गेला असता, नाहीतर छाती फुगवून पुन्हा मोजा म्हणाला असता. पण मास्तर तेव्हा एका शिंप्याकडे काजं करायला होते. त्यांनी कारकुनाला ऐकवलं की फीत एवढी आवळायची नसते, माणूस मोजायचाय, गाठोडं बांधायचं नाही. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. त्यांनी फीत त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्याच पद्धतीने त्याची छाती मोजून दाखवली. ती दोन इंच कमी भरली. रांगेतले सगळे हसले, आणि मास्तरांची फौजेतली नोकरी सुरू व्हायच्या आतच संपली.

धंद्याच्या गोष्टीत तोंड मिटून बसणं या माणसाला कधी जमलंच नाही. बाकी बाबतीत अगदी गरीब गाय. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं, लग्न केलं, आणि एका रविवारी जुन्या कपड्यांच्या बाजारात त्यांना एक लष्करी कोट दिसला. पितळी बटणं, उभी कॉलर, आणि खांद्यावर हाताएवढी फाट. फौजेने मास्तरांना घेतलं नाही तर नाही, मास्तरांनी फौजेला घरी आणायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत त्रेचाळीस कोट झाले. शिवाय बिस्किटांच्या डब्यांतून बिल्ले, बरण्यांतून बटणं, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, टोप्या, आणि वाजवला तर शेजारी भांडायला येतील असा एक बिगुल. मागची खोली त्यातच गेली. मास्तरीणबाई त्या कोटांना सवती म्हणत. एका सवतीशी माणूस भांडू तरी शकतो, त्रेचाळीस जणींशी कुठल्या तोंडाने भांडायचं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत.

मास्तर मात्र कोट वाचत. लोक वर्तमानपत्र वाचतात तसे. हा डावखुरा होता, बघा, डाव्या बाहीची कड झिजलीय. याला छावणीतलं जेवण मानवलं, दोनदा शिवण सैल केलीय. हा फार पत्रं लिहायचा, कोपर पार उडालंय. खरं असेल, खोटं असेल, सांगायला तो शिपाई थोडाच येणार होता.

आता या छंदाचा एक नियम आहे. जुन्या वस्तूला हात लावायचा नाही. भोक असेल तर भोकासकट ठेवायची, डाग असेल तर डागासकट. बिल्ले जमवणारे तर पितळेवर फडकं फिरवायला भितात. मास्तरांना हे मान्य नव्हतं. फाटक्या कोटात उभा शिपाई आपल्याला बघवत नाही, असं ते म्हणत. आणि त्यांच्या हातात रफू होतं. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीत सोडलेल्या कापडातून धागे काढायचे, आणि भोकावर एकेक धागा आडवा-उभा विणत जायचं, की कापड कधी फाटलंच नव्हतं असं वाटावं. हाताएवढ्या फाटीला महिना लागे. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की मास्तर कोट मांडीवर घेऊन बसत, आणि मास्तरीणबाई भाजी निवडता निवडता त्यांना नावं ठेवत.

असं सुरळीत चाललं होतं. दुकान बंद करून मास्तर घरी बसले, बहात्तर वर्षांचे झाले, आणि लेकीचं पत्र आलं. नवऱ्याची बदली याच गावात झाली होती. एक तारखेला ती, नवरा आणि जुळ्या मुली बाडबिस्तऱ्यासह येणार होते, आणि घर मिळेपर्यंत, म्हणजे देव जाणे कधीपर्यंत, मागच्या खोलीत राहणार होते. बाईंनी पत्र दोनदा वाचून दाखवलं आणि सांगितलं की आता सवती बाहेर. मास्तरांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. लेक त्यांनाही हवीच होती.

बिल्ले आणि बटणं पलंगाखाली गेली. प्रश्न कोटांचा होता. नाटकांना कपडे पुरवणारा एकजण सगळेच घ्यायला तयार होता. तो येऊन बघूनही गेला. चांगला माणूस, पण जाताना सहज बोलून गेला की बाह्या लांब आहेत, थोड्या कापाव्या लागतील. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसरी वाट म्हणजे सरकारी संग्रहालय. तिथे युद्धाचं नवं दालन होणार होतं. मास्तरांनी अर्ज केला आणि तिथल्या अधिकारी बाई स्वतः बघायला आल्या. सडसडीत, चाळिशीच्या, गळ्यात भिंग.

त्या यायच्या आधी मास्तरीणबाईंनी मास्तरांना बजावून ठेवलं होतं. "अहो, विचारतील तेवढंच बोला. रफूबिफूचं नाव काढू नका. त्यांना दिसलं तर दिसलं."

आणि त्यांना दिसेना. अधिकारी बाई एकेक कोट खिडकीपाशी नेत, भिंगातून बघत आणि वहीत लिहीत. दुरुस्ती: नाही. पुढचा कोट. दुरुस्ती: नाही. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी मास्तरांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण मास्तरांची चुळबुळ वाढत चालली होती. पहिल्या कोटाला ते मनातून सुखावले. तिसऱ्याला जरा खट्टू झाले. सातवा कोट तोफखान्याचा होता. त्याच्या पाठीत उंदरांनी ताटलीएवढं भोक पाडलं होतं आणि मास्तरांनी त्यात अख्खा हिवाळा घातला होता. अधिकारी बाईंनी त्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या की इतक्या वर्षांत याला काहीच झालं नाही, नशीबच, आणि लिहिलं: दुरुस्ती: नाही.

"नशीब कसलं," मास्तर म्हणाले. "तुमचा हात आत्ता जिथं आहे ना, ते सगळं मी विणलंय."

बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मास्तरांना आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. त्यांनी सांगितलं की मागच्या सहाही कोटांवर रफू आहे, आणि पुढच्यांवरही आहे, आणि भिंग घेऊनही दिसत नसेल तर त्याला ते तरी काय करणार. हा काही प्रामाणिकपणा नव्हता, उगाच त्यांना मोठेपणा द्यायला नको. चाळीस वर्षांच्या कामापुढे कुणीतरी 'नाही' लिहीत होतं, ते त्यांना सोसवेना, एवढंच.

अधिकारी बाईंनी भिंग पुन्हा त्या पाठीवर धरलं. मग त्यांनी वहीतली सात पानं खोडली. त्यांचं म्हणणं असं, की दुरुस्त केलेली वस्तू संग्रहालयात चालते, पण दुरुस्ती कळली पाहिजे. उद्या कुणी अभ्यासाला बसला तर शिपायाचं कापड कुठे संपलं आणि मास्तरांचं काम कुठे सुरू झालं, हे त्याला दिसायला हवं. तेव्हा प्रत्येक रफूभोवती आतल्या बाजूने लाल दोऱ्याचा धावता टाका घालायचा, आणि कोटागणिक एक फॉर्म भरायचा. एकही जागा सुटता कामा नये. अठ्ठावीस तारखेला त्या पुन्हा येतील. तोवर झालं तर त्रेचाळीस कोट त्यांचे, नाहीतर त्यांचा नाइलाज.

मास्तर दोन दिवस फुगून बसले. जे दिसू नये म्हणून आयुष्यभर डोळे फोडले, त्याला लाल दोऱ्याने कुंपण घालायचं? नवशिक्यानेसुद्धा असा टाका घातला तर त्यांनी त्याला दुकानातून काढलं असतं. पण तिसऱ्या दिवशी नाटकवाल्याचा फोन आला. त्याने विचारलं की कॉलरी काढून ठेवल्या तर चालतील का. मास्तरांनी फोन ठेवला आणि लाल दोऱ्याचं रीळ शोधायला घेतलं.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. त्यांना स्वतःचंच रफू सापडेना.

काम करताना त्यांनी काही टिपून ठेवलं नव्हतं, कोण ठेवतो? दुपारी उन्हात कोट धरून बघितले, भिंग आणलं, चष्म्यावर चष्मा चढवला, डोळे मिटून बोटांनी चाचपलं. मोठ्या फाटी आठवत होत्या, पण बारीकसारीक भोकं शेकड्याने होती, आणि ती कापडात विरघळून गेली होती. चार दुपारी घालवून पुरते झालेले कोट निघाले तीन. राहिले होते नऊ दिवस. आपण इतकं चांगलं काम का केलं म्हणून मास्तर जन्मात पहिल्यांदा स्वतःवर चरफडले.

"उजव्या खिशाखाली चार बोटं," दारातून बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कोट उलटा केला आणि तिथे अस्तर उचकटून पाहिलं. होतं.

"तुला काय माहीत?"

"ते केलंत तेव्हा पोरीला गोवर निघाला होता. तिच्या उशाशी बसून केलंत. आणि मागे, कमरेच्या शिवणीला दोन आहेत बारकी. माझी आई आली होती त्या आठवड्यातली. तिच्याशी बोलायला नको म्हणून मान वर केली नव्हतीत."

तीही होती. मास्तरांनी चटईवर सरकून जागा केली. बाई बसल्या. त्यानंतर रोज दुपारी जेवणं उरकली की दोघं त्या खोलीत बसत. मास्तर कोट पसरत आणि बाई सांगत. हे कॉलरीखालचं, छप्पर गळत होतं तेव्हाचं. हे कोपराचं, तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता, कशावरून ते जाऊ दे. हे काखेतलं, पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकली त्या दिवशी संपवलंत आणि रडलात, म्हणालात डोळ्यांत धूळ गेली. मास्तरांना वाटत आलं होतं की ही बाई चाळीस वर्षं भाजी निवडत आपल्याला नावं ठेवतेय. तिने एकेक टाका पाहिला होता. हे त्यांच्या आता लक्षात आलं, आणि त्यांना लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं. लाल दोरा भराभर धावू लागला.

सत्तावीस तारखेला दुपारी बेचाळीस कोट घड्या घालून भिंतीशी लागले. शेवटचा राहिला बँडमास्तरचा. गर्द निळा, छातीवर सोनेरी दोऱ्यांच्या पाच आडव्या पट्ट्या. मास्तर म्हणाले, याला काही करायचं नाही, हा एकच मला धड मिळाला, एक बटण तेवढं मी बदललं. त्यांनी फॉर्म ओढला आणि 'दुरुस्ती'पुढे 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

बाईंनी फॉर्मवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "थांबा जरा."

मास्तरांनी पेन उचललं.

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सोळा दिवस दवाखान्यात होतात. कोटांना ऊन द्यायचं म्हणून मी सगळे बाहेर काढले. हा खिळ्याला अडकला. टरकन गेला. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. मग बसले. तुम्ही करता तसंच. आतून धागे काढले. दवाखान्यात डबा देऊन आलं की बसायची."

"तू? रफू?"

"त्या फॉर्मवर लिहा. माझंही लिहा."

मास्तर कोट घेऊन खिडकीशी गेले. कुठल्या शिंप्याचा टाका आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पाठीवरून ओळखणारा माणूस. त्यांनी छाती बघितली, पाठ बघितली, बाह्या उलट्या केल्या, भिंग लावलं, बोटं फिरवली. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. बाई चटईवर बसून होत्या. त्यांनी एकदाही सुचवलं नाही, आणि त्यांना मजा येत नव्हती असं म्हणणं धादांत खोटं होईल.

शेवटी मास्तरांनी कोट त्यांच्यापुढे आणून ठेवला आणि विचारलं, "कुठं आहे गं?"

बाईंनी डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. वीतभर फाट होती, तिरकी, सगळ्यांत अवघड, सोनेरी पट्टीच्या अगदी कडेने गेलेली. मास्तरांनी अस्तर उसवून आतून पाहिलं, तेव्हा कुठे एक धागा किंचित जाड लागला. आपल्या हाताखाली शिकून गेलेल्या एकालाही त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं.

"माझ्याहून सरस आहे," ते म्हणाले.

बाईंनी पदराने नाक पुसलं आणि दोरा कुठला घालणार ते विचारलं. लाल तुमचा झाला, म्हणाल्या, मला हिरवा द्या. मास्तरांनी हिरवं रीळ शोधून आणलं आणि तो टाका त्यांना स्वतःलाच घालू दिला. मग त्यांनी फॉर्म घेतला. दुरुस्ती: आहे. त्याखाली 'कारागीर' असा एक रकाना होता. बेचाळीस फॉर्मांवर त्यांनी तिथे आपली सही ठोकली होती. या फॉर्मवर त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. एरवी घरात नुसतं 'अगं' असायचं; ज्या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती ते पूर्ण नाव, सावकाश, आणि पुढे लिहिलं: रफूगार.

बाईंनी तो कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. मग अक्षर फार गचाळ आलंय म्हणाल्या, आणि कोरा फॉर्म पुढे सरकवून सगळं पुन्हा लिहायला लावलं.