गेरूची गाय

लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चार पुस्तकं वाचली आणि लगेच लिहायला बसला, असं कुणी म्हणेलही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

तळेघरच्या वर आमची वस्ती. बालवाडी देवळामागच्या मातीच्या खोलीत भरायची. बाई वस्तीतल्याच एका घरच्या सूनबाई. रंगपेट्या कुठून येणार? म्हणून त्या गेरू कालवायच्या, चुलीतला कोळसा आणायच्या आणि पोरांना भिंतीवर काढू द्यायच्या. अमावास्या आली की पोरंच पांढऱ्या मातीनं भिंत सारवायची. जुनं सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा नवीन सुरू.

माझी धाकटी बहीण तिथं जायची. तिला ऐकू यायचं, सगळं कळायचं, पण ती बोलत नव्हती. शाळेच्या गुरुजींनी वडिलांना सांगितलं होतं, जूनपर्यंत बोलली तर पहिलीत घेऊ, नाहीतर पुण्याला मुक्या मुलांच्या शाळेचं बघा, तिथं राहायची सोय असते. घरात हा विषय कुणी काढत नसे. आई तिला जास्तच जवळ घेऊन निजायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला आणायला गेलो. तिनं गेरूनं एक गाय काढली होती. बाईंनी काही विचारलं नाही. शेजारी बसून त्यांनी गायीच्या पाठीवर झूल काढायला घेतली. बहिणीनं त्यांचा हात धरला.

"नको. ती भिजलीया."

घरी सांगितलं तर आईला खरं वाटेना. पुढं ती थोडं थोडं बोलू लागली, पण त्या भिंतीपाशीच, आणि तेही चित्राबद्दलच.

उन्हाळ्यात गावानं ठरवलं, बालवाडी चांगली दिसली पाहिजे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला. वडील त्यासाठी वाळू वाहत होते. आळेफाट्याचा, ट्रक रंगवणारा पेंटर आला आणि ऑइल पेंटमध्ये मोर, सफरचंद, इंग्रजी अक्षरं काढून गेला. एक भिंत तरी कोरी ठेवा, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यावर माणसं हसली. "बाई, पोरं शिकवायची का सारवायला लावायची?"

त्या भिंतीवर गेरू धरत नव्हता. पोरांनी हात लावायचा नाही, अशी ताकीदही होती. बाईंनी बहिणीला पाटी दिली. तिनं ती पालथी घालून ठेवली. एवढं पाहून मी परीक्षेसाठी मंचरला परतलो.

जूनमध्ये शेजारचे तात्या मंचरच्या बाजारात भेटले. चहा घेता घेता ते भिंतीबद्दलच सांगत राहिले. "लई झाक झालीया राव. तळेघरची माणसं बघायला येत्यात."

मी बहिणीचं विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"काल पुण्याला पोचवली पोरीला. तुझा बाप तिला तिथं सोडून परत जीपमधी बसला, तरी ती रडली न्हाई. बोललीबी न्हाई काय."