पंख्यातल्या अक्षता
झेंडूचा वास आला की मला किन्हवलीच्या घरातला दादाचा कॉम्प्युटर आठवतो. त्या वर्षी दसऱ्यानंतर गेम सुरू केला की तो तापून फटकन बंद पडायला लागला. वाशिंदच्या कारखान्यातून सुट्टीला आलेला दादा माझ्यावरच भडकला, "काय केलंस रे याला? विकूनच टाकतो आता!" "मी नाय काय केलं," मी म्हणालो. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केलेली आई दारात उभी राहून ऐकत होती. दादाने स्क्रू काढून डबा उघडला, तर आतल्या पंख्यात अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, ते सगळं मुठीत लपवलं आणि म्हणाला, "धूळ होती गो आये." गेम सुरू झाला. आईला अजूनही काही माहीत नाही. दसऱ्याला ती अक्षता घेऊन आली की मी आधी लॅपटॉपवर रुमाल पसरतो.